एचपीव्ही पेशीची दिशा का बिघडवतो?

विचारलेला प्रश्न असा आहे: "मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतोय. आम्हाला शिकवलं की एचपीव्हीचं ई६ प्रथिन पी५३ ला संपवतं, ई७ प्रथिन आरबीला निकामी करतं आणि त्यातून गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. नुकतीच माझ्या मावशीची बायॉप्सी झाली. रिपोर्टमध्ये 'सीआयएन ३' आणि त्यापुढे 'लॉस ऑफ पोलॅरिटी' असं लिहिलंय. पेशींची पोलॅरिटी म्हणजे नेमकं काय? विषाणूचा तिच्याशी काय संबंध? आणि पोलॅरिटी जाणं हे कर्करोगाचं कारण आहे की परिणाम?"

मावशींच्या रिपोर्टपासून सुरुवात करते, कारण घरातली काळजी आधी कमी व्हायला हवी. सीआयएन ३ ही गर्भाशयमुखाच्या थरातल्या कर्करोगपूर्व बिघाडाची सर्वांत वरची पायरी, पण ती म्हणजे कर्करोग नव्हे. पेशी बऱ्याच बिघडल्या आहेत, पण अजून आपल्या थरातच आहेत; थराखालचा पायाभूत पडदा फोडून त्या आत घुसलेल्या नाहीत. या टप्प्यावर रोग पूर्ण काढून टाकता येतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

वर्गात शिकवलेलं बरोबरच आहे. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू; पेशीतलं आरबी प्रथिन विभाजनाला लगाम घालतं आणि पी५३ बिघडलेल्या पेशीला मरायला लावतं. ई७ आरबीला पकडतं हे १९८९ मध्ये कळलं, ई६ पी५३ ला मोडीत काढायला लावतं हे १९९० मध्ये. या दोन शोधांवर या रोगाची सगळी समज उभी आहे. पण त्या मांडणीतल्या पेशीला आकार नाही, शेजारी नाहीत, वर-खाली नाही. एक केंद्रक आणि एक विभाजनचक्र, एवढंच. प्रत्यक्षात एचपीव्ही ज्या पेशीत शिरतो ती अभिस्तर ऊतीतली, म्हणजे अवयवांचे पृष्ठभाग आणि पोकळ्या झाकणाऱ्या थरातली पेशी असते, आणि आपण कुठे बसलोय, कुठली बाजू वर, कुठली खाली, बाजूला कोण, याचं भान असणं हा तिच्या जगण्याचाच भाग असतो. माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के कर्करोग अशाच पेशींतून उगवतात. त्यामुळे तुमचा प्रश्न आडबाजूचा मुळीच नाही.

आधी पोलॅरिटी, म्हणजे पेशीच्या वरच्या आणि खालच्या बाजूंमधला ठरलेला फरक. जुन्या वाड्याला रस्त्याकडे दिंडी दरवाजा असतो आणि मागे परसदार. पाहुणा कुठून येणार आणि धुणं कुठून जाणार हे ठरलेलं असतं. अभिस्तर पेशीचंही तसंच. लहान आतड्यातली पेशी घ्या. अन्नातली साखर आत ओढणारं वाहक प्रथिन फक्त वरच्या, म्हणजे पोकळीकडच्या पृष्ठभागावर असतं. तीच साखर रक्ताकडे सोडणारं दुसरं वाहक प्रथिन आणि सोडियम बाहेर फेकणारा पंप हे फक्त खालच्या आणि बाजूच्या पृष्ठभागावर असतात. ही प्रथिनं इकडची तिकडे झाली तर साखर आत येऊन पुन्हा बाहेरच पडेल. वरची आणि बाजूची हद्द जिथे मिळते तिथे शेजारच्या पेशींना चिकटवणारा एक घट्ट पट्टा असतो, टाइट जंक्शन. तो दोन पेशींमधल्या फटीतून होणारी गळती रोखतो.

ही हद्द कायम ठेवणाऱ्या प्रथिनांचे तीन मुख्य गट आहेत. वरच्या बाजूला क्रम्ब्ज गट आणि पार गट. बाजूच्या भिंतीवर स्क्रिबल गट, ज्यात स्क्रिबल, डीएलजी आणि एलजीएल ही तीन प्रथिनं येतात. हे गट एकमेकांना हुसकावून लावतात. वरच्या गटातलं एपीकेसी हे एन्झाइम एलजीएलवर फॉस्फेट चिकटवतं, की एलजीएल वरच्या पडद्यावरून सुटून जातं. खालच्या बाजूचं पार-१ तेच पार-३ च्या बाबतीत करतं. दोन्ही बाजूंनी चालू असलेल्या या ढकलाढकलीतून हद्द टिकते. ती एकदा आखली आणि कायमची राहिली असं नसतं. पेशी ती रोज, दर तासाला नव्याने राखत असते. हे नीट लक्षात ठेवा, कारण विषाणू नेमका याच सततच्या राखणीवर घाला घालतो.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी एमडीसीके नावाच्या पेशी वापरतात. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये एका कुत्रीच्या मूत्रपिंडातून त्या वाढवल्या आणि आजही जगभर त्याच वापरात आहेत. बारीक छिद्रांच्या गाळणीवर त्या वाढवायच्या, म्हणजे त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून पोषणद्रव मिळतो. काही दिवसांत त्या एकमेकींना खेटून एकच सलग थर करतात. टाइट जंक्शनमधल्या झेडओ-१ प्रथिनाला हिरवा रंग देऊन कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली वरून पाहिलं, तर पाच-सहा कोनांची अखंड जाळी दिसते; एकही धागा तुटलेला नसतो. तीच पेशी बाजूने कापल्यासारखी पाहिली, तर तो हिरवा रंग प्रत्येक भिंतीच्या अगदी टोकाला एका ठिपक्याएवढा उरतो. त्या ठिपक्याखाली पूर्ण भिंतभर स्क्रिबल आणि डीएलजी. आता द्रवातलं कॅल्शियम काढून घ्या. पेशींना जोडणारं ई-कॅडहेरिन सैल पडतं, पेशी गोल होतात, जाळी विरते. कॅल्शियम परत दिलं की काही तासांत जाळी पुन्हा विणली जाते. हा प्रयोग विद्यार्थ्यांना मी आवर्जून करायला लावते. पुस्तकात सपाट चित्र पाहून पोलॅरिटी समजते, पण पटते ती इथे.

आणि या पेशींची पोलॅरिटी अभ्यासायला सर्वांत आधी हाताशी आले ते विषाणूच! १९७८ मध्ये एन्रिके रोड्रिगेझ-बुलान आणि डेव्हिड सॅबाटिनी यांनी एमडीसीके पेशींना दोन वेगवेगळ्या विषाणूंची लागण केली. इन्फ्लुएन्झाचे नवे कण पेशीच्या फक्त वरच्या बाजूने बाहेर पडले आणि व्हीएसव्ही या विषाणूचे फक्त खालच्या आणि बाजूच्या पृष्ठभागावरून. म्हणजे पेशीच्या आत प्रथिनांची वर्गवारी करून त्यांना ठरलेल्या दाराने पाठवणारी यंत्रणा आहे, आणि विषाणू तिला ओळखून वागतात. पुढची कित्येक वर्षं प्रथिनांची वाहतूक शोधणाऱ्यांनी याच दोन विषाणूंच्या प्रथिनांचा माग काढला.

पण पोलॅरिटी आणि कर्करोग यांची गाठ पडली ती फळमाशीत. कॅल्विन ब्रिजेस यांना १९३० च्या दशकात एक उत्परिवर्तित माशी सापडली होती. तिच्या अळ्या कोशात जायच्याच नाहीत, फुगत राहायच्या आणि मरायच्या. ते जनुक म्हणजे एलजीएल. एलिझाबेथ गाटेफ यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की या अळ्यांतल्या वाढीला गाठ हाच शब्द योग्य आहे, कारण तो ऊतीचा तुकडा निरोगी माशीत रोवला तर तिथेही तो पसरतो आणि तिला मारतो. १९९१ मध्ये डीएलजी जनुकाची रचना कळली. २००० मध्ये डेव्हिड बिल्डर आणि नॉर्बर्ट पेरीमॉन यांनी स्क्रिबल शोधलं आणि ही तिन्ही जनुकं एकाच कामात गुंतलेली आहेत हे सिद्ध केलं.

अळीच्या अंगात पुढे पंख होणारी एक चपटी पिशवी असते, पेशींच्या एकेरी थराची, घडी घातलेली. या तिघांपैकी एक जनुक गेलं की तिथे थर राहत नाही, पेशींचा गोळा होतो. वर-खाली संपतं आणि त्याबरोबरच वाढ थांबवणंही संपतं. एकच जनुक जाऊन दोन्ही गोष्टी जातात, हे त्या वेळी फार मोठं होतं. पेशीचा आकार राखणारं प्रथिन आणि तिचं विभाजन रोखणारं प्रथिन ही दोन वेगळी खाती नाहीत, हे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

आता विषाणू. १९९७ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधला रोनाल्ड जेव्हिअर यांचा गट एका वेगळ्याच विषाणूवर काम करत होता. एडिनोव्हायरस-९ उंदीरवर्गातल्या रॅटमध्ये स्तनाच्या गाठी करतो, आणि त्याला जबाबदार असलेलं प्रथिन पी५३ किंवा आरबी यांपैकी कुणालाही हात लावत नाही. मग ते धरतं कुणाला? उत्तर निघालं डीएलजी. त्या प्रथिनाच्या अगदी शेवटच्या टोकाला चार अमिनो आम्लांचा एक ठरावीक क्रम होता, आणि तो डीएलजीवरच्या पीडीझेड नावाच्या खोबणीत बसत होता. अशा खोबण्या पोलॅरिटीच्या अनेक प्रथिनांवर असतात. प्रथिनं एकमेकांना धरून ठेवतात ती यांच्याच आधारे. मग शोध सुरू झाला की असं टोक आणखी कुणाकडे आहे. मानवी रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एचटीएलव्ही-१ च्या टॅक्स प्रथिनाकडे होतं. आणि एचपीव्हीच्या ई६ कडे होतं. त्याच वर्षी जपानमधल्या एका गटानेही ई६ आणि डीएलजी यांची जोडी स्वतंत्रपणे दाखवली.

या टोकाकडे जरा बारकाईने पाहा. एचपीव्ही-१६ च्या ई६ ची शेवटची चार अमिनो आम्लं आहेत ग्लुटामिक आम्ल, थ्रिओनिन, ग्लुटामिन आणि ल्युसिन. एचपीव्ही-१८ मध्ये पहिली तीन तीच, शेवटचं मात्र व्हॅलिन. आणि एचपीव्ही-६, एचपीव्ही-११? हेही एचपीव्हीच, यांच्यामुळे जननेंद्रियांवर चामखिळी होतात, पण गर्भाशयमुखाचा कर्करोग होत नाही. त्यांच्या ई६ ला हे टोक नसतं. काही कमी धोक्याच्या प्रकारांत असं टोक सापडतं, म्हणून 'टोक आहे म्हणजे कर्करोग' असं उलटं समीकरण मांडू नका. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ठामपणे जोडलेल्या प्रकारांत ते असतं, आणि हा योगायोग मानायला मी तयार नाही.

ई६ या खोबणीत बसून काय करतं? १९९९ मध्ये इटलीतल्या ट्रिएस्टे इथल्या लॉरेन्स बँक्स यांच्या गटाने दाखवलं की ई६ ने धरलेलं डीएलजी प्रोटिअसोममध्ये जाऊन मोडलं जातं. पुढच्याच वर्षी नाकागावा आणि ह्युब्रेख्ट्से यांनी स्क्रिबलचंही तेच होतं हे दाखवलं, आणि त्यात तेच ई६एपी हे एन्झाइम कामाला लागतं जे पी५३ ला मोडीत काढायला लागतं. म्हणजे पेशीचीच कचरा उचलणारी यंत्रणा विषाणूने आपल्या कामाला जुंपली. २००५ मध्ये बँक्स यांच्या गटाचा आणखी एक सुंदर प्रयोग आला. एचपीव्ही-१६ चं ई६ स्क्रिबलवर जास्त तुटून पडतं, एचपीव्ही-१८ चं ई६ डीएलजीवर. त्यांनी शेवटच्या ल्युसिन आणि व्हॅलिनची अदलाबदल केली आणि दोन्ही प्रथिनांची पसंतीही फिरली. सुमारे दीडशे अमिनो आम्लांच्या प्रथिनातलं शेवटचं एकच आम्ल! असा प्रयोग वाचला की मला या शास्त्रात काम करत असल्याचा मनापासून आनंद होतो.

हे सगळं नळीत आणि बशीत झालं. जिवंत प्राण्यात? २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पॉल लॅम्बर्ट यांच्या गटाने उंदरांच्या त्वचेत एचपीव्ही-१६ चं ई६ घातलं. पूर्ण ई६ असलेल्या उंदरांची त्वचा जाड झाली, पेशी नको तितक्या वाढल्या. दुसऱ्या उंदरांत तेच ई६, फक्त टोक छाटलेलं. ते पी५३ निकामी करतच होतं, पण त्वचा तशी वाढली नाही. तुमच्या प्रश्नातल्या 'पी५३ गेलं म्हणून कर्करोग' या वाक्याला मी अपुरं म्हणते ते यामुळे.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. विषाणू हे करतो कशासाठी? कर्करोग घडवून एचपीव्हीला काहीही मिळत नाही. कर्करोगाच्या पेशीतून नवे विषाणूकण तयार होत नाहीत. अनेकदा विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात अडकलेला असतो आणि तिथून त्याला बाहेर पडायची वाट नसते. विषाणूच्या दृष्टीने ती वाट बंद आहे. मग त्याला हवंय काय?

एचपीव्हीकडे सुमारे आठ हजार बेसचा डीएनए आहे आणि तो डीएनए छापायची स्वतःची पुरेशी यंत्रसामग्री त्याच्याकडे नाही. गर्भाशयमुखाच्या थरावर बारीक ओरखडा पडला की तो तळाच्या पेशींपर्यंत पोचतो. तळाच्याच पेशी का? कारण विभाजन त्यांचंच होतं, आणि विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण विरघळतं तेव्हाच विषाणूचा डीएनए आत शिरू शकतो. पुढे तळाची पेशी दुभागते. एक मुलगी तळाशी राहते, दुसरी वर सरकते. वर सरकलेली पेशी विभाजन थांबवते, चपटी होते आणि शेवटी गळून पडते. विषाणूला आपले हजारो कण बनवायचे असतात ते या वरच्या पेशींत, कारण त्या गळतील तेव्हा तेही बाहेर पडतील आणि रोगप्रतिकार यंत्रणेला फारसा सुगावा लागणार नाही. पण अडचण अशी की वरच्या पेशीने डीएनए छापायची यंत्रं बंद केलेली असतात.

म्हणून ई७ आरबीला बाजूला करतं आणि यंत्रं पुन्हा चालू करतं. पेशीला गडबड कळते, ती पी५३ मार्फत मरायला निघते. ई६ पी५३ काढून घेतं. आणि पोलॅरिटीची प्रथिनं? तीही पेशीला सांगत असतात की तू आता वर आलीस, शेजारी घट्ट आहेत, वाढायचं कारण नाही. स्क्रिबल शाबूत असलं की हिप्पो नावाची साखळी चालू राहते आणि वाढीला चालना देणारं वायएपी प्रथिन केंद्रकाबाहेर अडवलेलं राहतं. विषाणूला हा निरोप दबलेला हवा असतो, पण थोडाच. ली आणि लेमिन्स यांनी २००४ मध्ये एचपीव्ही-३१ चं हे टोक बिघडवून पाहिलं, तेव्हा लागण झालेल्या पेशींची वाढ मंदावली आणि विषाणूच्या डीएनएच्या प्रती कमी झाल्या. म्हणजे हे टोक विषाणूच्या रोजच्या जगण्यासाठी आहे.

'थोडाच' म्हणण्यामागेही पुरावा आहे. टोकातल्या थ्रिओनिनवर पेशीचं पीकेए हे एन्झाइम फॉस्फेट लावू शकतं. तो लागला की ई६ पीडीझेडच्या खोबणीत बसत नाही, १४-३-३ नावाच्या वेगळ्याच प्रथिनाला जाऊन मिळतं. म्हणजे ई६ चं हे काम पेशीच्या परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होऊ शकतं. शिवाय ते पेशीतलं सगळंच्या सगळं डीएलजी नाहीसं करत नाही; ठरावीक जागी असलेलं, ठरावीक रूपातलं डीएलजी ते निवडतं. साधी लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांचा थर जागच्या जागी राहतो आणि एक-दोन वर्षांत प्रतिकारशक्ती विषाणूला घालवूनही देते.

बिघडतं तेव्हा, जेव्हा विषाणू वर्षानुवर्षं टिकतो. मग कधीतरी त्याचा डीएनए गुणसूत्रात घुसतो, त्यात बहुतेकदा ई२ जनुक तुटतं. ई६ आणि ई७ वर नजर ठेवणारं तेच असतं. ते गेलं की दोन्ही प्रथिनं बेसुमार बनतात, आणि जे थोडं, जागेवर, गरजेपुरतं होतं ते सगळीकडे आणि सतत होऊ लागतं. ई२ चं महत्त्व हेला पेशींनी दाखवलं. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आलेल्या या पेशींत एचपीव्ही-१८ आहे. २००० मध्ये गुडविन आणि डिमायो यांनी त्यांच्यात ई२ परत घातलं, ई६-ई७ बंद पडले, आणि जवळपास ५० वर्षं न थांबता दुभागणाऱ्या त्या पेशी थबकल्या आणि म्हाताऱ्या झाल्या. इतक्या वर्षांनीही त्यांचा कर्करोग विषाणूच्या प्रथिनांवरच चालत होता.

आता तुमचा कळीचा प्रश्न: कारण की परिणाम? माझं उत्तर: कारणांपैकी एक, पण एकटं पुरं न पडणारं. याचा सर्वांत चांगला पुरावा पुन्हा फळमाशीचाच. पूर्ण अळीतून स्क्रिबल काढलं तर गाठ होते, हे वर आलंच. पण निरोगी थराच्या मध्ये स्क्रिबल नसलेल्या थोड्याच पेशी ठेवल्या, तर शेजारच्या निरोगी पेशी त्यांना मारून बाहेर काढतात. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की त्याच पेशींत रास हे वाढीचं जनुक सतत चालू ठेवलं, तर त्या मरत नाहीत. उलट गाठ करतात आणि दूरवर पसरतातही. नुसता रास चालू असेल तर वाढ होते, पण आक्रमण होत नाही. निरोगी शेजाऱ्यांमध्ये नुसती पोलॅरिटी गेली तर पेशी मरते. दोन्ही एकत्र आले की घात.

एचपीव्ही-१६ किंवा १८ ची लागण झालेल्या पेशीत हे दोन्ही एकाच विषाणूच्या पोटातून येतं. ई७ ढकलतं, ई६ मरण रोखतं आणि त्याच ई६ चं टोक दिशेचं भान काढून घेतं. पोलॅरिटी बिघडलेली पेशी एरवी शेजाऱ्यांनी काढून टाकली असती. इथे ती टिकते. तरीही सगळे धागे जुळलेत असं मी म्हणणार नाही. गर्भाशयमुखाच्या ऊतींत सुरुवातीच्या बिघाडात डीएलजी बरंचसं असतं, पण भिंतीवरून हलून पेशीच्या आत पसरलेलं. नाहीसं होतं ते पुढच्या टप्प्यात. म्हणून 'ई६ आलं, डीएलजी गेलं, कर्करोग झाला' अशी सरळ रेघ ओढणारा लेख दिसला, तर त्यातल्या आकृत्या नीट तपासा.

गर्भाशयमुखच का, हेही थोडक्यात सांगते. तिथे दोन प्रकारचे थर एकमेकांना भिडतात: आतल्या बाजूचा उंच पेशींचा एकेरी थर आणि बाहेरचा चपट्या पेशींचा अनेक पदरी थर. ही सीमा वयात येताना आणि बाळंतपणात सरकते, आणि एका प्रकारच्या थराच्या जागी दुसरा तयार होत राहतो. कर्करोग बहुतेकदा याच पट्ट्यात उगवतो. स्वतःची रचना बदलत असलेल्या थरात दिशेचं भान आधीच नाजूक असणार, असं मला वाटतं.

बाकीचे विषाणू झटकन पाहू. एचटीएलव्ही-१ च्या टॅक्सला पीडीझेडचं टोक आहे; त्याचाच भाऊ एचटीएलव्ही-२, ज्याच्यामुळे तो रक्ताचा कर्करोग होत नाही, त्याच्या टॅक्सला ते नाही. एचपीव्हीच्या प्रकारांत दिसलेला फरकच इथे पुन्हा दिसतो, आणि तोही अभिस्तर नसलेल्या पेशीत. हेपटायटिस सी विषाणूची तऱ्हा वेगळी: तो यकृताच्या पेशीत शिरतानाच टाइट जंक्शनमधली क्लॉडिन-१ आणि ऑक्लुडिन ही प्रथिनं वापरतो. आणि विषाणू नसला तरी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूला इथून वगळता येत नाही. जठराचा कर्करोग घडवणारं त्याचं कॅगए प्रथिन पार-१ ला निकामी करतं, हे जपानमधल्या हाताकेयामा यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. एकमेकांशी काहीही नातं नसलेले इतके जीव त्याच काही प्रथिनांवर येऊन थांबतात, यावरून ती प्रथिनं पेशीसाठी किती मोलाची आहेत ते कळतं.

आता मावशींचा रिपोर्ट. निरोगी थराच्या काचपट्टीवर तळाशी गडद केंद्रकांची उभी, ओळीत लागलेली एक रांग दिसते. वर जावं तशी केंद्रकं लहान आणि दूर दूर होत जातात आणि सगळ्यात वर पेशी चपट्या होऊन आडव्या पडलेल्या असतात. काचपट्टी उलटी धरली तरी वर कुठलं ते लगेच सांगता येतं. सीआयएन ३ मध्ये ते सांगता येत नाही. तळापासून वरपर्यंत सारख्याच दाट, गडद, वेड्यावाकड्या दिशांना तोंड केलेल्या पेशी, आणि वरच्या पदरातही दुभागताना सापडणाऱ्या. पॅथॉलॉजिस्टने लिहिलंय ते हे. त्यांनी डीएलजी किंवा स्क्रिबल मोजलेलं नाही, नेहमीच्या तपासणीत ते मोजतही नाहीत. शंका असेल तर पी१६ या प्रथिनाला रंग देऊन पाहतात, कारण ई७ ने आरबी बाजूला केलं की पी१६ भरमसाट वाढतं. ई६ चं टोक अडवणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. कुणी तसं विकत असेल तर घेऊ नका.

या सगळ्या ज्ञानाचा आजच्या घडीला सर्वांत मोठा उपयोग तपासणीत आहे. रोगाची चाल विषाणू टिकण्यावर ठरते, म्हणून विषाणूच शोधायचा. याचा जगातला एक मोठा पुरावा आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातून, आताच्या धाराशिवमधून आला. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने तिथल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात, आठ वर्षांत, या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. आपल्या गावाकडच्या बायकांनी जगाला दिलेली ही माहिती आहे, आणि तरी आपल्याकडे बहुसंख्य स्त्रियांची ही चाचणी एकदाही होत नाही, याची मला खंत वाटते. घरातल्या ३० वर्षांवरच्या सगळ्या जणींना सांगा.

लसीबद्दलही विचारतील. लस विषाणूच्या बाहेरच्या एल१ प्रथिनापासून बनते आणि विषाणूला तळाच्या पेशीपर्यंत पोचूच देत नाही. आधीच लागण झालेल्या तळाच्या पेशीत एल१ बनत नाही, त्यामुळे तिथे लस काही करू शकत नाही. म्हणून ती लहान वयात, ९ ते १४ दरम्यान द्यायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे.

सीआयएन ३ तसाच सोडला तर काय होतं, हे न्यूझीलंडमधल्या एका दुर्दैवी प्रकरणातून जगाला कळलं. ऑकलंडच्या एका रुग्णालयात काही स्त्रियांना १९६० आणि ७० च्या दशकांत योग्य उपचार दिलेच गेले नाहीत. पुढे त्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कर्करोग झालेला आढळला. ज्यांना वेळेवर पुरेसे उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. मावशी दुसऱ्या गटात आहेत, फक्त उपचार लांबवू नका. डॉक्टर बहुधा लीप (विजेच्या तारेने कापणं) किंवा कोनायझेशन (शंकूच्या आकाराचा तुकडा काढणं) करून तो पट्टा काढतील. काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आहेत का हे त्यांना विचारा आणि तो रिपोर्ट जपून ठेवा. सहा महिने ते वर्षभरात एचपीव्ही चाचणी करायची. ती निगेटिव्ह आली तरी पुढची तपासणी कधी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती तारीख तुमच्याही फोनमध्ये लावून ठेवा, कारण बरं वाटू लागलं की मावशी ती विसरतील.